ब्लॉट कोरा येतोय आणि घरी सांगतेय मस्त चाललंय

ताई, मी ठाण्याची, नौपाड्यात घर आहे. बीएस्सी तिकडेच केलं, आता जर्मनीत बायोमेडिकलमध्ये मास्टर्स करतेय आणि सध्या सहा महिन्यांच्या रिसर्च प्लेसमेंटवर एका कॅन्सरच्या लॅबमध्ये आहे. निम्मा वेळ संपला. माझा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशीतलं एखादं प्रोटीन पातळ मेम्ब्रेनवर पट्टीसारखं (बँड) दाखवणारी टेस्ट, येतच नाही, मेम्ब्रेन कोरी, नाहीतर नुसतं काळं बॅकग्राउंड. एकदाच काय तो छान बँड आला, परत केलं तर गायब. शेजारच्या बेंचवरची मुलगी म्हणते तोच एक स्लाइडवर टाक, सगळे तसंच करतात. ज्या पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्याच्या) हाताखाली आहे तो स्वभावाने चांगला आहे पण कायम घाईत, काही विचारलं की म्हणतो परत करून बघ. लॅब मीटिंगमध्ये प्रोफेसर सगळ्यांसमोर म्हणाले की हा डेटा कन्व्हिन्सिंग नाही, नंतर मी कोल्ड रूममध्ये जाऊन रडले. बाकीचे बारा वाजता एकत्र जेवायला जातात आणि जर्मनमध्ये गप्पा मारतात म्हणून मी डबा डेस्कवर एकटीच खाते. झोप नीट लागत नाही. बाबा वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होते, रिटायरमेंटचे पैसे घालून आणि वर कर्ज काढून त्यांनी मला पाठवलं आणि सोसायटीत सगळ्यांना सांगतात की पोरगी कॅन्सरवर औषध शोधतेय. मी फोनवर रोज सांगते मस्त चाललंय. मला सायन्स जमतच नाही का? परत येऊ का? आणि माझी एक मैत्रीण पुढच्या वर्षी असंच कुठेतरी अप्लाय करणारे, तिला काय सांगू?

– नौपाड्याची, सध्या जर्मनीत

अगं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. ब्लॉट येत नाही म्हणून सायन्स जमत नाही असं काहीही नसतं. मी ऐरोलीला राहते, प्रोटीन आणि सेल कल्चरचं काम करण्यात बरीच वर्षं गेलीत माझी, दर वर्षी नवीन पोरं हाताखाली येतात, आणि कोरी मेम्ब्रेन हातात धरून उभं असलेलं पोरगं किंवा पोरगी मी इतक्या वेळा बघितलीये की तुझं पत्र वाचताना चेहरासुद्धा दिसला मला. त्यातले कितीतरी जण आज उत्तम काम करतायत.

मला ब्लॉटपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकली. तुझ्या पत्रात एकही माणूस असा नाहीये ज्याला पूर्ण खरं माहितीये. पोस्टडॉकला तू "परत आला नाही" एवढंच सांगतेस, प्रोफेसरांना स्लाइडवर जेवढं दिसतं तेवढंच कळतं, घरी मस्त चाललंय, आणि आता तर तो एक चांगला ब्लॉट टाकून बाकीचे झाकायचे का असा प्रश्न आलाय, म्हणजे ह्यापुढे वहीलासुद्धा खरं कळणार नाही. तुझी झोप मला वाटतं ह्याच्यामुळे उडालीये. बँड यायला वेळ लागेल तो लागेल, पण हे सांगून टाकणं तू ह्याच आठवड्यात सुरू करू शकतेस, आणि मला तुला मुख्य तेच सांगायचंय.

ही सवय तुला कुठून लागली ते पण मला माहितीये, कारण आपल्या सगळ्यांनाच ती लावली जाते. आपल्याकडे बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठरलेलं असतं, टायट्रेशनचं रीडिंग किती यायला पाहिजे ते मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये लिहिलेलंच असतं, नाही आलं तर बाजूच्याचं रीडिंग घेऊन गणित उलटं सोडवायचं आणि जर्नल सर्टिफाय करून घ्यायचं. त्यात मुलांचा दोष नाही, एवढ्याशा वेळात एवढी मोठी बॅच, रिएजंट मोजून मापून मिळणार, दुसरं काय होणार. पण त्यातून डोक्यात एक पक्कं बसतं की प्रयोग "येतो" किंवा "येत नाही" आणि नाही आला तर आपलं चुकलं आणि चुकलेलं कुणाला दाखवायचं नसतं. आणि मग तू अशा जागी जातेस जिथे उत्तर कुणालाच माहीत नाही, प्रोफेसरांनाही नाही, म्हणून तर तो प्रयोग चाललाय.

२०१६ साली नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकाने १,५७६ संशोधकांना विचारलं होतं. ७० टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले की दुसऱ्याचा प्रयोग करून बघितला आणि तो आला नाही, आणि निम्म्याहून जास्त जण म्हणाले की स्वतःचाच प्रयोग परत केला आणि आला नाही. ही सगळी कामात मुरलेली माणसं आहेत गं. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲमजेन ह्या औषध कंपनीच्या लोकांनी लिहिलं होतं की कॅन्सरमधले गाजलेले ५३ पेपर त्यांनी तपासायला घेतले आणि त्यातल्या फक्त ६ पेपरांचे निकाल त्यांना परत मिळाले. तुझा बँड एकदा आला आणि परत आला नाही ही तुझी एकटीची लाजिरवाणी गोष्ट नाहीये, तुझ्या अख्ख्या क्षेत्राची ती रोजची डोकेदुखी आहे.

आता ब्लॉटकडे येऊ. "येत नाही" हे वाक्य सोडून दे, नक्की कुठल्या पायरीपर्यंत येतंय ते शोध. ट्रान्सफर झाल्यावर, म्हणजे जेलमधलं प्रोटीन मेम्ब्रेनवर गेल्यावर, आणि ब्लॉकिंगच्या, म्हणजे मेम्ब्रेनची मोकळी जागा भरण्याच्या आधी पाँसो, तो प्रोटीन रंगवणारा लाल रंग, लावून बघतेस का? नसशील तर उद्यापासून लाव, पाच मिनिटांचं काम आहे. मेम्ब्रेनवर गुलाबी-लाल पट्ट्या दिसल्या म्हणजे प्रोटीन तिथपर्यंत पोचलंय, पुढचा घोळ अँटीबॉडीचा, म्हणजे ते प्रोटीन ओळखून चिकटणाऱ्या रेणूचा, किंवा डिटेक्शनचा. पट्ट्याच नाहीत तर अँटीबॉडीला दोष देऊन उपयोग नाही, मग बघायचं की मेम्ब्रेन पीव्हीडीएफची असेल तर ती मिथेनॉलमध्ये भिजवली होती का, जेल आणि मेम्ब्रेनचं सँडविच उलटं तर लागलं नाही, कारण त्यांची बाजू बदलली तर सगळं प्रोटीन बफरमध्ये निघून जातं आणि मेम्ब्रेन अगदी स्वच्छ राहते. तुझं प्रोटीन लहान असेल, वीस किलोडाल्टनच्या खालचं, तर ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून ते आरपार जाऊ शकतं, ०.२ ची घे.

मग ॲक्टिन किंवा जीएपीडीएच, म्हणजे लोडिंग कंट्रोल म्हणून बघतात ती जवळपास सगळ्या पेशींत असणारी प्रोटीन्स, दिसतंय का बघ. ते छान दिसतंय आणि तुझंच प्रोटीन दिसत नाही, तर प्रश्न आहे की ह्या सेल लाइनमध्ये ते प्रोटीन पुरेसं आहे तरी का. लॅबमध्ये कुणाकडे तरी असं लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा अर्क, असेल ज्यात ते नक्की आहे, ते मागून घे आणि प्रत्येक जेलवर एका लेनमध्ये लाव, पॉझिटिव्ह कंट्रोलशिवाय कोरी मेम्ब्रेन तुला काहीच सांगू शकत नाही, म्हणजे प्रोटीन नाही म्हणून कोरी की तुझं काही चुकलं म्हणून कोरी हेच कळत नाही. तू प्रोटीनचं नाव लिहिलं नाहीस, पण फॉस्फो प्रोटीन, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं प्रोटीन असेल आणि तू दुधाच्या पावडरीत ब्लॉक करत असशील तर आधी ते बदल, दुधात केसीन असतं आणि केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, त्यामुळे फॉस्फो ओळखणारी अँटीबॉडी त्यालाच जाऊन चिकटू शकते, तुझ्या काळ्या बॅकग्राउंडचं कारण तेही असू शकेल. बीएसए, म्हणजे गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन, वापर. लायसिस बफरमध्ये फॉस्फटेज इनहिबिटर ताजं घालतेस ना, आणि सगळं बर्फावर? आणि एक गोष्ट नवीन मुलांना कुणी सांगतच नाही, सोडियम अझाइड एचआरपीला मारतं, म्हणजे सेकंडरी अँटीबॉडीला जोडलेल्या, सिग्नल देणाऱ्या एन्झाइमला, त्यामुळे ती अँटीबॉडी कुणी अझाइड घातलेल्या बफरमध्ये बनवून ठेवली असेल तर सिग्नल येणारच नाही, तू जीव काढलास तरी.

पण मला सगळ्यात जास्त इंटरेस्ट आहे त्या एका आलेल्या बँडमध्ये. तो आधी लॅडरशी, म्हणजे माहीत असलेल्या साइजच्या प्रोटीनच्या पट्ट्यांशी, ताडून बघ, बरोबर साइजला आहे का. साइज चुकीची असेल तर तो तुझा बँडच नव्हता, नॉन-स्पेसिफिक काहीतरी होतं आणि त्याच्यामागे धावू नको. साइज बरोबर असेल तर खूप चांगली गोष्ट आहे, अँटीबॉडी चालते, प्रोटीन आहे, आणि त्या दिवशी असं काहीतरी होतं जे बाकीच्या दिवशी नव्हतं. वही काढ आणि तो दिवस पूर्ण वाच. सेल्सचा पॅसेज नंबर, म्हणजे त्या कितव्यांदा नवीन प्लेटमध्ये टाकल्या होत्या, तो काय होता, प्लेट किती भरलेली होती, लायसेट ताजं होतं की फ्रीजरमधून तीनदा बाहेर काढलेलं, अँटीबॉडी नवीन होती की आधी वापरून ठेवलेलं डायल्यूशन परत घेतलंस, ट्रान्सफर बफर कुणी बनवला होता. ह्यातलं वहीत नसेल तर आजपासून लिहायला लाग, लॉट नंबरसकट. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, हे कितीही हळू वाटलं तरी. घाबरलेली मुलं एकदम पाच गोष्टी बदलतात आणि मग आला तरी कळत नाही कशामुळे आला. सेल्सची मायकोप्लाझ्मा टेस्ट शेवटची कधी झालीये तेही विचार, हे सेल कल्चरमध्ये लपून राहणारे जंतू असतात, ते असले की सेल्स वरून ठीक दिसतात आणि आतून वागणं बदललेलं असतं.

हे सगळं एकटीने करायचं नाहीये. पोस्टडॉकला कॉरिडॉरमध्ये गाठून "नाही आला" म्हटलंस तर तो "परत कर" असंच म्हणणार, त्याला त्या दोन शब्दांत दुसरं काही सांगताच येणार नाही. त्याला मेल कर आणि अर्धा तास माग. लिही की मला तुझा अर्धा तास हवाय, मी आत्तापर्यंतचे सगळे ब्लॉट तारखेप्रमाणे लावून आणते, कोरे धरून सगळे, पाँसो आणि लोडिंग कंट्रोलसकट, आणि मला वाटतं अडचण अमुक पायरीला आहे. आणि दुसरी मागणी, पुढच्या वेळी तू करताना मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू दे, मग मी करते आणि तू बघ. हे मागायला लाजू नको. प्रोटोकॉलच्या कागदावर "वॉश" एवढंच असतं, पण डबा कितपत हलवायचा, किती बफर ओतायचा, मेम्ब्रेन एक क्षणही सुकू द्यायची नाही, हे बघूनच कळतं. तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही, आणि खरंच वेळ नसेल तर तोच सांगेल की अमक्याकडून शिक.

आपल्याकडे सर किंवा मॅडम स्वतःहून विचारतील तेव्हा बोलायचं अशी रीत असते, तिकडे उलटं आहे, तू विचारलं नाहीस म्हणजे तुझं ठीक चाललंय असं ते धरून चालतात. आणि विचारणं ही काही परदेशी पद्धत नाहीये बरं का. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला पहिल्या आलेल्या कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या तिथे गेल्या आणि समोर उभं राहून कारण विचारलं. अटी घालून का होईना पण प्रवेश मिळाला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी झाली. तुला तर फक्त अर्धा तास मागायचाय.

प्रोफेसरांचं ते वाक्य. बघ, "हा डेटा कन्व्हिन्सिंग नाही" ह्यात "हा डेटा" आहे, "ही मुलगी" नाहीये. मला माहितीये ऐकताना तसं वाटत नाही, आपल्या कानाला सगळ्यांसमोर बोललं की तो अपमानच वाटतो, शाळेपासून तसंच ऐकत आलोय आपण. पण जर्मन लॅबमध्ये हे वाक्य पोस्टडॉकलाही ऐकवतात, वीस वर्षं काम केलेल्या माणसालाही ऐकवतात, आणि मग सगळे मिळून कॉफी प्यायला जातात. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं की तिथल्या तिथे एक प्रश्न विचार, कशाने कन्व्हिन्सिंग होईल? कुठला कंट्रोल हवा? उत्तर वहीत लिहून घे. मीटिंगमधून रडू न येता बाहेर पडायचा मला तरी एवढाच उपाय माहितीये, की बाहेर पडताना हातात करायला काहीतरी असावं. आणि तरी रडू आलं तर रड, त्यात काही बिघडत नाही, फक्त कोल्ड रूममध्ये नको, चार डिग्रीत कशाला उभी राहतेस.

आता त्या एका ब्लॉटचं, आणि हे मी जरा कडक आवाजात सांगणारे. शेजारची मुलगी वाईट नाही, तिला कदाचित कुणी नीट सांगितलेलंच नसेल, पण तिचं ऐकू नको. तो ब्लॉट जरूर दाखव, पण बाकीच्यांच्या सोबत दाखव आणि स्पष्ट सांग की इतक्यांपैकी एकदा आला, परत आला नाही. निवडून एकच दाखवलास की तुझ्या त्या एका स्लाइडवर पोस्टडॉक पुढचे दोन महिने आखेल, कुणीतरी त्यावर उंदरांचे प्रयोग ठरवेल, कुणाच्या तरी ग्रँटमध्ये ते चित्र जाईल. तू बायोमेडिकलमध्ये आहेस, ह्या साखळीच्या शेवटी पेशंट असतो. टाटाच्या बाहेर परळला फूटपाथवर फाइल घेऊन बसलेली माणसं तूही बघितली असशील, ठाण्याची आहेस, घरातलं नाहीतर शेजारचं कुणीतरी तिथे गेलेलं असतंच. त्यांच्यापर्यंत जे पोचतं ते अशाच छोट्या छोट्या ब्लॉटांवर उभं असतं, म्हणून मी ह्यात अजिबात सूट देत नाही.

आणि हे लपतही नाही. पेपरांमधल्या चित्रांतली गडबड शोधणाऱ्या संशोधक एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपरांमधली चित्रं तपासली, त्यातल्या ३.८ टक्के पेपरांत गडबड असलेली चित्रं सापडली, कुठे एकच ब्लॉट दोनदा वापरलेला, कुठे फिरवून लावलेला. जर्मनीत तर संशोधनाच्या शिस्तीचे नियम लिहून ठेवलेत, कच्चा डेटा साधारण दहा वर्षं सांभाळायचा असतो आणि प्रत्येक विद्यापीठात, संस्थेत एक ओम्बड्सपर्सन असतो ज्याच्याशी अशा गोष्टीवर गुपचूप बोलता येतं. तुला तिथपर्यंत जायची वेळ येईल असं वाटत नाही, पण उद्या कुणी वरच्या माणसाने दबाव टाकलाच तर हे दार आहे हे माहीत असू दे. सध्या तू एवढंच कर, मशीनमधून आलेली मूळ इमेज जशीच्या तशी सेव्ह कर, क्रॉप केलेली वेगळी, आणि कोऱ्या मेम्ब्रेनच्या इमेजसुद्धा तारीख घालून ठेव.

डब्याचं. उद्यापासून बारा वाजता डबा घेऊन त्यांच्याबरोबर जा. जर्मन बोलतील, बोलू दे, दहा मिनिटं बोलतील मग कुणीतरी तुझ्याकडे वळून इंग्लिशमध्ये विचारेलच की हे काय खातेस. थालीपीठ काय असतं हे समजावण्यात पाच मिनिटं जातात आणि तेवढ्याने ओळख होते. कुणीच वळलं नाही तर तू म्हण, मला कळलं नाही, काय हसलात? रोज एक-दोन शब्द आपोआप कानावर पडतील ते वेगळंच. आणि लॅबमधल्या निम्म्या अडचणी ह्या जेवणाच्या टेबलावर सुटतात गं, "अरे तो अँटीबॉडीचा लॉट खराबच आहे, मलाही नाही चालला" हे वाक्य लॅब मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही, जेवताना बोलतात. तू डेस्कवर एकटी खातेस म्हणजे ते वाक्य तुझ्यापर्यंत येतच नाही. वाढदिवस जवळ आला असेल तर तिकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक न्यायचा असतो, ने, नाहीतर सगळे तुझी वाट बघतील आणि तू त्यांची.

आता बाबा. मला वाटतं इथे तू सगळ्यात जास्त चुकतेयस, कारण तू ज्या माणसापासून लपवतेयस त्याला तुझं दुखणं तुझ्या प्रोफेसरपेक्षा जास्त कळेल. टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे तो. नवीन डाय बनवली की पहिला पीस कधी बरोबर येतो का विचार त्यांना. ट्रायल घ्यायची, पीस मोजायचा, कुठे किती मायक्रॉन गेलंय ते बघायचं, डाय परत खोलायची, घासायची, परत ट्रायल, आणि क्यूसीवाला रिजेक्टचा शिक्का मारतो तेव्हा तो कारागिरावर मारत नाही, पीसवर मारतो. तुझ्या बाबांनी हे आयुष्यभर केलंय आणि पोरीला वाटतंय त्यांना कोऱ्या मेम्ब्रेनचं दुःख समजणार नाही!

त्यांना सांग की बाबा, मी औषध नाही शोधत, मी एक प्रोटीन कॅन्सरच्या पेशीत आहे का नाही आणि किती आहे एवढंच बघतेय, आणि सध्या ते मला दिसत नाहीये, का दिसत नाही ते शोधतेय. मग विचार, तुमच्याकडे असं झालं की तुम्ही कुठून सुरुवात करायचात? आणि ऐक. ते सोसायटीत काय सांगतात ते सोड, अभिमान आहे म्हणून सांगतात, त्यांना खरं काम कळलं की तेही सांगतील अभिमानानेच. फोनची वेळ मात्र बदल. लॅबमधून संध्याकाळी सातला निघून फोन करतेस तेव्हा थंडीत ठाण्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, आईबाबा पेंगुळलेले, तू थकलेली, अशा वेळी "मस्त चाललंय" शिवाय काही निघत नाही तोंडातून. जेवणानंतर दुपारी साडेबाराला कर, इथे पाच वाजलेले असतात, चहा चाललेला असतो, बाबा निवांत असतात.

झोपेचं मी हलकं घेणार नाही. सतत झोप उडालेली, खाणं कमी झालंय, सकाळी उठावंसंच वाटत नाही असं असेल तर ब्लॉट जाऊ दे, आधी डॉक्टरकडे जा, हेल्थ इन्शुरन्स त्यासाठीच तर भरतेयस. तुमच्या विद्यापीठाच्या गावात श्टुडीरेंडेनवेर्क असेल, विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, तेच ज्यांचं मेन्सा, म्हणजे कॅंटीन, आणि हॉस्टेल असतं, त्यांच्याकडे मानसिक समुपदेशन मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी इंग्लिशमध्येही. कधी जिवाचं बरंवाईट करावं असा विचार मनात आला तर एक मिनिट थांबू नको, ११२ ला फोन कर किंवा टेलिफोनझेलझोर्गे ह्या हेल्पलाइनचा ०८०० १११ ० १११ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि घरी पण त्याच क्षणी सांग, वेळ बघू नको. हे लिहिलंय म्हणजे तुला तसं होतंय असं मी म्हणत नाहीये. माहीत असावं म्हणून लिहिलंय.

परत येऊ का? आज ठरवू नको. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, दर महिन्याला पैसे सुटताना बघून तुला प्रत्येक कोरी मेम्ब्रेन पैशात दिसत असणार, कर्ज काढून गेलेल्या कुठल्याही मुलीला दिसेल, आणि तशा मनाने घेतलेला निर्णय नीट होत नाही. आधी दोन गोष्टी लेखी विचारून घे. कोर्स को-ऑर्डिनेटरला विचार की प्लेसमेंटचा रिपोर्ट निगेटिव्ह निकालांवर लिहिला तर मार्क कसे देतात. माझ्या बघण्यातल्या चांगल्या परीक्षकांना बँड आला का ह्यापेक्षा तू विचार कसा केलास, कंट्रोल काय लावलेस, पुढे काय करशील ह्यातच रस असतो, आणि वर सांगितलेली तपासणी तू नीट केलीस तर तोच तुझा रिपोर्ट आहे. दुसरं, इंटरनॅशनल ऑफिसला विचार की मध्येच थांबलं किंवा लॅब बदलली तर रेसिडेन्स परमिटचं काय होतं. ह्या दोन उत्तरांनंतर, पोस्टडॉकच्या त्या अर्ध्या तासानंतर, आणि बाबांशी बोलल्यानंतरही परत यावंसं वाटलं तर ये, खुशाल ये, मी तुला अडवणार नाही. खारघरला ॲक्ट्रेक, म्हणजे टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र आहे, परळला प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, पवईला आयआयटी आहे, कुलाब्याला टीआयएफआर आहे, आणि तिथेही मेम्ब्रेन कोऱ्या येतातच.

मैत्रिणीला सांग की प्रोजेक्टचं नाव बघून भुलू नको. ऑफर आली की तीन गोष्टी मेलवर विचारायच्या: रोज मला कोण शिकवणार आणि आठवड्यातून किती वेळ देणार, लॅब मीटिंग कुठल्या भाषेत असते, आणि आधी असं प्लेसमेंटवर येऊन गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का. तिसऱ्याचं उत्तर काय येतं ते नीट बघायला सांग. त्या विद्यार्थ्याशी बोलायला मिळालं तर त्याला विचारायचं की प्रयोग अडला तेव्हा तू कुणाकडे गेलास, आणि तो नाव घेतो का गप्प होतो ते ऐकायचं. आणि जायच्या आधी इथेच कुठल्यातरी लॅबमध्ये दोन महिने काम करून जा म्हणावं, पिपेट हातात बसलेली असली की तिकडे निदान एक गोष्ट तरी नवीन नसते.

अर्ध्या तासाची मीटिंग झाली की मला कळव, आणि कुठल्या पायरीला अडलंय ते सापडलं तर प्रोटीनचं नाव आणि अँटीबॉडीचं डायल्यूशन लिहून पाठव, बघूया पुढे.

– ताई, ऐरोली